सेवारामाचे बनावट कागद : खानदेश गॅझेटियरांतील एका नोंदीचें परीक्षण

(१)

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर-मालेंतील बारावा खंड खानदेशाचा असून तो जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखालीं इ. स. १८८० मध्यें प्रसिद्ध झाला. खानदेशाच्या इतिहासाविषयीं कांहीं लिहूं इच्छिणारास आजही प्रथम ह्याच ग्रंथाकडे वळावें लागतें. हा जिल्हा आतां त्या नांवानें उरलेला नाहीं. पेशवाई बुडाल्यावर १८१८ सालीं इंग्रजांनीं तो बांधला. मालेगांव व बागलाण हे भाग १८६९ मध्यें नाशिककडे गेले. १९०६ मध्यें उरलेल्या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांनाच १९६० नंतर जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, आणि १९९८ मध्यें धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. जिल्ह्याची अशी वांटणी झाल्यावर सबंध जुना खानदेश एके ठिकाणीं पाहावयास मिळतो तो बहुतांशीं ह्या एका खंडांत. ग्रंथाची ही योग्यता मान्य करूनच पुढील परीक्षण लिहिलें आहे.

परीक्षणाचा विषय दिसण्यांत लहान आहे. भिल्लांच्या बंडांची हकीकत सांगतांना गॅझेटियरांत १८२५ सालच्या बागलाणांतील उठावाची नोंद येते. तिचा आशय असा : सेवाराम नांवाच्या इसमानें सातारच्या राजाच्या नांवाचे बनावट कागद दाखवून भिल्लांना उठविलें, जमावानें अंतापूर लुटलें व नंतर मुल्हेरच्या किल्ल्याचा आश्रय घेतला, लेफ्टनंट औट्रम थोडक्या शिपायांनिशीं त्यांवर चालून गेला आणि जमाव उधळला. एवढ्यावर प्रकरण संपतें, आणि ग्रंथ भिल्ल पलटणीच्या उभारणीकडे वळतो. ह्या नोंदींतील "बनावट" हें एकच पद आम्ही विचारार्थ घेतलें आहे. आमचें म्हणणें असें कीं, तें पद खरें धरलें तरी त्यानें चौकशी मिटत नाहीं. उलट खरी चौकशी तेथूनच सुरू व्हावयास हवी. आणि ही गोष्ट केवळ एका बंडापुरती नसून, जुने कागद जमविणाऱ्या आपणां सर्वांच्या नित्य व्यवहाराची आहे.

(२)

प्रथम ही नोंद कोठून आली तें पाहूं. भिल्लांविषयींच्या ह्या हकीकतीचा एक मोठा आधार म्हणजे कॅप्टन ग्रॅहम यानें १८४३ मध्यें लिहिलेला खानदेशांतील भिल्लांचा वृत्तांत होय. तो मुंबई सरकारच्या निवडक दफ्तरांच्या मालेंत छापला गेला. ग्रॅहम हा भिल्लांच्या बंदोबस्ताच्या कामावर स्वतः नेमलेला अधिकारी होता. त्याची माहिती जवळची आहे, हा तिचा गुण. आणि ती एका पक्षाची आहे, हा तिचा दोष. प्रथम कामगारांचे अहवाल, त्यांवरून ग्रॅहमचा वृत्तांत, त्यावरून गॅझेटियर, आणि गॅझेटियरावरून आपल्याकडील ग्रंथ व लेख, अशी ही परंपरा आहे. चार हातांतून गेलेली नोंद म्हणजे चार साक्षी नव्हेत. एकच साक्ष चार वेळां उतरून घेतली गेली, इतकाच तिचा अर्थ.

आपल्याकडील लेखकांनीं ह्या नोंदीची जी वाट लावली ती दोन प्रकारची आहे. कांहींनीं ती जशीच्या तशी उतरून घेतली : एका लबाड माणसानें अज्ञ भिल्लांना फसविलें, पुढें शहाण्या अधिकाऱ्यांनीं त्यांना वळण लावलें. दुसऱ्या कांहींनीं, बंडाला स्वातंत्र्ययुद्धाचें रूप देण्याच्या भरांत, बनावट कागदांचा उल्लेखच गाळला. पहिल्यांस बंड खोटें वाटलें. दुसऱ्यांस तें खोटें ठरण्याची भीति वाटली. परंतु दोघांच्याही मनांत समजूत एकच आहे कीं, कागद खोटा तर त्यावर उठलेला माणूसही खोटा. ही समजूत तपासून पाहणें अवश्य आहे.

(३)

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन प्रमाणें सांगून पुढें लेख्याचें स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. लेख संशयित असेल तर त्याची शुद्धि कशी करावी हेंही तेथें सांगितलें आहे. अक्षर त्याच माणसाच्या दुसऱ्या लिखाणाशीं ताडून पाहावें; त्या स्थळीं व त्या काळीं असा व्यवहार संभवतो काय हें पाहावें; विशिष्ट चिन्ह आहे काय, उभय पक्षांचा पूर्वींचा संबंध होता काय, वस्तु हातीं येण्याचा मार्ग कोणता, हें सर्व पाहून मग निर्णय करावा. आपल्या संशोधकांचीही रीत ह्याहून निराळी नाहीं. कागदाची जात, मोडीचें वळण, मायन्याचा घाट, शिक्का व मोर्तब यांच्या जागा, कालगणना, आणि कागद ज्या घराण्यांत सांपडला त्याचा पूर्वेतिहास, इतकें पाहिल्यावांचून कोणी जाणता मनुष्य एखाद्या सनदेस खरी वा खोटी म्हणत नाहीं.

गॅझेटियरांतील नोंदींत ह्यांपैकीं एकाही कसोटीचा उल्लेख नाहीं. कागदांत मजकूर काय होता, शिक्का कोणता होता, तो कोणी वाचून दाखविला, हें तेथें सांगितलेलें नाहीं. फक्त निर्णय दिला आहे. निर्णय आहे पण निर्णयाचीं कारणें नाहींत, अशा निवाड्यास आपल्या जुन्या न्यायाधीशांनींही मान दिला नसता.

तथापि ग्रंथकारानें जें केलें नाहीं तें आपण करून पाहूं. संबंध व संभव ह्या दोन कसोट्या आजही लावतां येतात. इ. स. १८१९ च्या सप्टेंबरांत कंपनी सरकार व प्रतापसिंह महाराज यांच्यांत जो तह झाला त्यानें महाराजांच्या राज्याची हद्द साताऱ्याभोंवतींच्या मुलखापुरती ठरविली गेली. बागलाण त्या हद्दीच्या पुष्कळ बाहेर. त्याच तहान्वयें बाहेरच्या सत्तांशीं व लोकांशीं रेसिडेंटाच्या द्वारेंवांचून व्यवहार करण्याची महाराजांस मनाई होती. राज्यकारभाराचे अधिकार १८२२ सालीं कोठें त्यांच्या हातीं आलेले. अशा स्थितींत तीन वर्षांच्या आंत त्यांनीं दूरच्या बागलाणांतील भिल्लांस इंग्रजांविरुद्ध उठण्याचा हुकूम लिहून द्यावा, हें संभवाला धरून नाहीं. तेव्हां कागद बनावट होते हें मानण्यास आम्हांसही अडचण वाटत नाहीं. मात्र तें गॅझेटियरानें म्हटलें म्हणून नव्हे, तर वरील कारणांवरून. आणि हें मान्य केल्यावरच खरा प्रश्न उभा राहतो.

(४)

तो प्रश्न असा : खोटा कागद करावयाचाच होता तर तो सातारच्या महाराजांच्याच नांवाचा कां केला?

मीमांसक अर्थापत्ति नांवाचें एक प्रमाण मानतात. लठ्ठ देवदत्त दिवसां जेवतांना कोणास दिसत नाहीं. अर्थात् तो रात्रीं जेवत असला पाहिजे. जी गोष्ट मानल्यावांचून डोळ्यांपुढील गोष्ट जुळत नाहीं ती मानणें भाग पडतें. येथें डोळ्यांपुढील गोष्ट अशी कीं, पेशवाई बुडून सात वर्षें झाल्यावर, साताऱ्यापासून दूर बागलाणच्या डोंगरांत, सातारच्या राजाचें नांव असलेला कागद दाखवितांच शेंकडों भिल्ल शस्त्रें घेऊन जमले. हें जुळावयाचें तर त्या नांवाला त्या डोंगरांत किंमत होती, असें मानावेंच लागतें. खोटें नाणें पाडणारा चालत्या नाण्याचाच ठसा उचलतो. बंद पडलेल्या नाण्याची नक्कल करून बाजारांत जाणारा वेडा अद्याप कोणी पाहिला नाहीं. सेवारामानें पेशव्यांचा, निजामाचा, होळकरांचा किंवा इंग्रजांचा शिक्का उचलला नाहीं. त्यानें साताऱ्याचा उचलला. बागलाणांत १८२५ सालीं कोणाची मोहर चालत होती, ह्याचा हा उत्कृष्ट पुरावा आहे, आणि तो कागद खोटा असल्यामुळेंच उत्कृष्ट आहे. खरी सनद राजाची इच्छा सांगते. खोटी सनद ती मानणाऱ्या लोकांची इच्छा सांगते. राजांच्या इच्छा सांगणारे कागद आपणांपाशीं रुमालच्या रुमाल आहेत. डोंगरांतील लोकांच्या मनांतलें सांगणारा कागद मात्र क्वचित् मिळतो.

(५)

आतां ह्या नांवाला खानदेशांत किंमत कशी आली तें पाहूं. येथें गॅझेटियराच्या रचनेंतील एक मोठें न्यून उघड होतें. ज्या सरकारच्या आज्ञेनें तो ग्रंथ लिहिला गेला त्याच सरकारच्या पूर्वजांनीं हें नाणें प्रथम चालविलें होतें.

इ. स. १८१८ च्या फेब्रुवारींत सातारचा किल्ला घेतल्यावर दुसऱ्याच दिवशीं, ११ तारखेस, एल्फिन्स्टन यानें जाहीरनामा काढला. बाजीरावास राज्यावरून दूर केलें आहे, आणि सातारच्या महाराजांस कैदेंतून सोडवून त्यांच्यासाठीं राज्य राखून ठेवण्यांत येईल, असा त्याचा आशय होता. त्या दिवशीं महाराज बाजीरावाच्याच छावणींत होते. ते इंग्रजांच्या हातीं आले नऊ दिवसांनंतर, आष्टीच्या लढाईंत. म्हणजे राजा हातीं येण्यापूर्वींच त्याच्या नांवाचा उपयोग सुरू झाला होता. बाजीरावाच्या लोकांनीं त्याची बाजू सोडावी, हा त्या जाहीरनाम्याचा हेतु, आणि तो बऱ्याच अंशीं सिद्धीस गेला. छत्रपतींचें नांव हेंच खऱ्या सत्तेचें मूळ, पेशवा हा मधला कारभारी, ही कल्पना लोकांत होतीच. कंपनीनें तिला सरकारी मान्यता दिली.

पुढें राजाला मुलूख किती मिळाला, तहाचीं कलमें काय, हें साताऱ्याच्या मुत्सद्द्यांस ठाऊक. मुल्हेरच्या रानांतील नाईकास त्यांतलें काय पोंचलें असेल? साताऱ्यास राजा पुनः गादीवर बसला, एवढी वार्ता पोंचणें पुरेसें होतें. मुल्हेरचा किल्ला १८१८ च्या पावसाळ्यांत इंग्रजांकडे गेला. त्याच उन्हाळ्यांत मालेगांवास अरबांशीं मोठा झगडा झाला. जुने किल्लेदार गेले, जुने घाटरक्षक निकामी झाले, नाक्यांवरचे व गांवखर्चांतले भिल्लांचे हक्क कोणी द्यावयाचे हें अनिश्चित राहिलें. अशा काळीं ज्याच्या नांवें जुने हक्क पुनः मागतां येतील असा धनी हवा असतो. सेवारामाच्या कागदानें तो पुरविला.

(६)

ह्यावर दोन आक्षेप संभवतात, व दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला असा कीं, भिल्लांस मराठी राज्याचें प्रेम असण्याचें कारण काय? पेशवाईच्या शेवटच्या वीस वर्षांत त्यांचा जो छळ झाला त्याचें वर्णन गॅझेटियरांतच आहे, आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. इ. स. १८०३ च्या भयंकर दुष्काळानंतर खानदेश उजाड झाला. भिल्ल लुटीवर आले. आणि पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याच्या कारकीर्दींत कोपरगांव येथें त्यांना विश्वासानें बोलावून त्यांची कत्तल करण्यांत आली. आपल्याच लोकांनीं केलेलें हें कृत्य आहे, आणि मराठ्यांच्या इतिहासाचा अभिमान बाळगणारानें तें अधिक स्पष्टपणें लिहिलें पाहिजे. परंतु आक्षेपाचें उत्तर ह्यांतच आहे. ज्यांनीं कत्तल केली ते पेशव्यांचे कामगार; कागद निघाला तो पेशव्यांच्या नांवें नव्हे. पेशव्यांच्या वरचा, पेशव्यांनींच बंदींत ठेवलेला जो राजा, त्याच्या नांवें निघाला. जवळच्या कामगाराकडून दुखावलेला मनुष्य दूरच्या धन्याकडे दाद मागतो, ही गोष्ट सर्वत्र दिसते. भिल्लांनीं पेशवाईची इच्छा केली असें म्हणण्यास आधार नाहीं; त्यांनीं पेशवाई व कंपनी ह्या दोहोंच्या वरचें पीठ शोधलें, असें म्हणण्यास आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, हा सर्व लुटीचा प्रकार असून कागद हें निमित्त मात्र होतें. त्यास उत्तर : लुटीला कागद लागत नाहीं. १८१८ पासून खानदेशांत कितीएक नाईक डोंगर धरून होते. चिल नाईकास १८१९ मध्यें फांशीं दिलें गेलें. ह्यांच्या हकीकतींत कोठेंही राजाच्या कागदाचा उल्लेख येत नाहीं. कागदावांचून जें होत होतें त्यासाठीं कागद करण्याचा उपद्व्याप कोण करील? शिवाय लूट करणारा लूट घेऊन पांगतो. तो किल्ल्यावर बसत नाहीं. हा जमाव अंतापूर लुटून मुल्हेरावर चढला. मुल्हेर म्हणजे बागुल राजांची जुनी राजधानी, बागलाणच्या सत्तेचें पूर्वापार ठिकाण. राजाच्या नांवचा कागद हातीं घेऊन राजधानीच्या किल्ल्यावर जाऊन बसणें, ह्याला आपल्या भाषेंत राज्य मांडणें म्हणतात. तें मोडलें कसें हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे. औट्रमनें पुढच्या बाजूनें मोठ्या हल्ल्याचा देखावा केला व स्वतः निवडक माणसें घेऊन मागील बाजूनें चढला. मोठी फौज आली असें समजून किल्ल्यावरील लोकांची पळापळ झाली. म्हणजे त्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनीं खोट्या देखाव्याचा उपयोग केला. एकाच्या खोट्यास ग्रंथांत कपट हें नांव मिळालें, दुसऱ्याच्या खोट्यास युद्धकौशल्य.

(७)

आतां एका गोष्टीकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे. ज्या अधिकाऱ्यांनीं खानदेशांत भिल्लांचा बंदोबस्त केला त्यांपैकीं चौघे पुढें साताऱ्यास रेसिडेंट झाले. जॉन ब्रिग्ज यानें १८१८ पासून खानदेशाची पहिली व्यवस्था लाविली व १८२३ मध्यें तो साताऱ्यास गेला. अर्थात् १८२५ सालीं सातारच्या महाराजांच्या दरबारीं जो रेसिडेंट होता तो खानदेशांतील नाईकांना ओळखणारा मनुष्य होता. त्याच्यामागून खानदेशचा कलेक्टर झालेला रॉबर्टसन, ज्यानें ह्या उठावाचा बंदोबस्त केला, तोच १८२७ मध्यें साताऱ्यास रेसिडेंट झाला. १८२५ मध्यें एल्फिन्स्टनच्या योजनेप्रमाणें ज्या तीन भिल्ल-एजन्सी स्थापन झाल्या त्यांपैकीं दक्षिणेकडील, कन्नड येथील एजन्सीवर कॅप्टन ओव्हन्स होता. तो १८३७ मध्यें साताऱ्यास रेसिडेंट झाला. आणि धरणगांवीं भिल्ल पलटण उभारणारा औट्रम हा १८४५ मध्यें ओव्हन्सच्या जागीं साताऱ्यास आला.

ह्यांतील ओव्हन्सची कारकीर्द प्रस्तुत विषयाशीं फारच निगडित आहे. प्रतापसिंह महाराजांवर राजद्रोहाचे जे आरोप ठेवण्यांत आले त्यांत गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याचा एक आरोप होता. त्याच्या पुराव्यादाखल ओव्हन्सनें कागद व शिक्के मिळविले. ते बनावट आहेत असें महाराजांच्या पक्षाचें म्हणणें. आणि ओव्हन्सच्या आधींचा रेसिडेंट लॉडविक यानेंही पुढें विलायतेंत महाराजांची बाजू उचलून धरली. तरी कागद ग्राह्य धरले गेले. १८३९ च्या सप्टेंबरांत महाराजांस गादीवरून काढून काशीस पाठविलें; रंगो बापूजी न्यायासाठीं विलायतेस गेले व कित्येक वर्षें तेथें खटपट करीत राहिले; महाराज १८४७ सालीं काशीसच वारले.

दोन प्रकरणें शेजारीं ठेवून पाहावीं. १८२५ मध्यें सातारच्या राजाच्या नांवचा कागद डोंगरांत सांपडला, तो सरकारनें खोटा ठरविला व त्याबरोबर बंडाची कारणमीमांसाही मिटविली. १८३९ मध्यें त्याच राजाच्या व्यवहाराचे म्हणून कागद पुढें आले, ते सरकारनें खरे ठरविले व त्याबरोबर राजाही मिटविला. पहिल्या खेपेस निर्णय बरोबर असेल; दुसऱ्या खेपेचा आम्हांस बरोबर वाटत नाहीं. परंतु दोन्ही खेपांस कसोटी लावण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे होता, आणि आरोपीस ती उलटून लावण्याची सोय नव्हती, ही गोष्ट निर्विवाद आहे. १८३९ च्या निर्णयाची आपल्या इतिहासकारांनीं कसून उलटतपासणी केली, कारण तेथें छत्रपतींचा प्रश्न होता. १८२५ च्या निर्णयाची कोणी केली नाहीं, कारण तेथें भिल्लांचा प्रश्न होता. ही तफावत संशोधनास शोभणारी नाहीं.

(८)

एका नोंदीवरून सबंध ग्रंथास दोष देणें न्याय्य होणार नाहीं, म्हणून त्याच्या इतर प्रकरणांशीं ही नोंद ताडून पाहिली पाहिजे. तशी पाहतां तोच घाट पुनः पुनः आढळतो. १८१८ च्या आधींच्या दंग्यांच्या मुळाशीं त्रिंबकजी डेंगळ्यांची चिथावणी सांगितली आहे. १८५२ मध्यें सावदें, रावेर, चोपडें ह्या भागांतील कुणब्यांनीं नव्या सर्व्हेच्या मोजणीस मोठ्या जमावानें विरोध केला. तो दडपण्यास भिल्ल पलटण आणावी लागली. तेथेंही दोष पुढाऱ्यांच्या भर देण्यावर ठेवण्याकडे कल आहे. १८५७-५८ च्या प्रकरणांत सेंधवा घाटाच्या रखवालीवरील काजरसिंग ऊर्फ खाज्या नाईक बिघडला तो वैयक्तिक अपमानामुळें, असें वाचावयास मिळतें. पण ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणीच्या रानांत जे शेंकडों लोक त्याच्या बाजूनें लढले व ज्यांच्या बायकांस कैद करून नेलें, त्या सर्वांचा काय अपमान झाला होता, हा प्रश्न ग्रंथ विचारीत नाहीं. सारांश, प्रत्येक उठावाला एक बाहेरचा किंवा एकटा चिथावणारा सांपडतो, आणि उठणाऱ्यांना स्वतःचें कारण असें राहत नाहीं.

विशेष हें कीं, त्या कारणांची कबुली ग्रंथांत अन्यत्र आहे. एल्फिन्स्टनची १८२५ ची योजना वाचली तर तींत भिल्लांचे जुने हक्क चौकशी करून ठरविणें, जमिनी व तगाई देणें, गांवाची व घाटाची रखवाली पुनः त्यांच्याकडे सोंपविणें, हींच कलमें प्रमुख आहेत. औषध पाहून रोग ओळखतां येतो. हक्क देण्यानें जर बंड शमलें, तर हक्क जाण्यानें तें उठलें होतें. ग्रंथकारानें औषधाचें श्रेय वैद्याला भरभरून दिलें, पण रोगाचें नांव मात्र सेवारामाचें कपट असें लिहिलें. एकाच ग्रंथाच्या दोन भागांत असा विरोध आला तर जो भाग ग्रंथकाराच्या पक्षाला प्रतिकूल असूनही त्यानें लिहिला तो अधिक विश्वसनीय धरावा, हा साक्षीचा साधा नियम आहे.

(९)

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंती आहे, आणि ह्या लेखाचा खरा हेतु तोच आहे.

गांवोगांव दफ्तरें चाळतांना आपण बनावट म्हणून जे कागद बाजूस टाकतों, त्यांची आपल्यांत मोठी हेळसांड होते. शिक्का चुकीचा, मायना बेताल, साल न जुळणारें, असें दिसलें कीं तो कागद रद्दींत जातो. पुष्कळदां यादींतही येत नाहीं. वतनाच्या भांडणांतले खोटे महजर, देवस्थानांच्या खोट्या सनदा, पाटीलकीच्या खोट्या वंशावळी, ह्यांची गति हीच. हक्काचा दावा ठरवितांना त्यांना किंमत नाहीं हें ठीकच. पण कोणत्या काळीं, कोणत्या ठिकाणीं, कोणत्या धन्याचें नांव घेतलें असतां काम होत असे, हें सांगणारा तेवढा चांगला साक्षीदार दुसरा नाहीं. म्हणून बनावट कागदाची नोंद खऱ्या कागदाइतकीच काळजीनें ठेवावी : कोठें मिळाला, कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं, शिक्का कोणाचा उचलला आहे, अक्षर कोणत्या वळणाचें आहे. "बनावट" हा शेरा अवश्य मारावा. पण त्यापुढें कारणें लिहावीं, आणि कागद जपून ठेवावा.

सेवारामाच्या प्रकरणाचा शोध ज्यांस घ्यावयाचा असेल त्यांस दिशा स्पष्ट आहेत. मुल्हेर, अंतापूर, ताहाराबाद, सटाणें ह्या टापूंतील पाटील, कुळकर्णी व देशमुख यांच्या घरचे १८१८ ते १८३० पर्यंतचे मोडी कागद पाहावे. कारण भिल्लांपुढें असा कागद वाचून दाखविण्यास कोणी तरी लिहिणारा-वाचणारा असलाच पाहिजे, आणि तो बहुधा ह्याच घरांपैकीं असणार. खानदेश व सातारा ह्या दोन्ही ठिकाणीं त्या वर्षीं एकमेकांस ओळखणारे अधिकारी होते. तेव्हां खानदेशच्या कलेक्टरांचीं पत्रें एकट्यानें न वाचतां सातारा रेसिडेन्सीच्या पत्रांबरोबर जुळवून वाचावीं. प्रतापसिंह महाराजांच्या रोजनिशा पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहेत; त्यांतील १८२५ च्या उन्हाळ्याचीं पानें ह्या दृष्टीनें चाळावीं. आणि बागलाणांतील भिल्ल व कोकणा वस्त्यांतून मुल्हेरच्या त्या उठावाविषयीं जें कांहीं बोललें वा गाइलें जात असेल तें त्यांच्याच बोलींत टिपून घ्यावें. साक्षी हें प्रमाण स्मृतिकारांनीं लिखिताच्या बरोबरीनेंच मोजलें आहे.

खानदेश जिल्हा नकाशावरून गेला, त्याचे कलेक्टर गेले, पलटणही मोडली. त्यांचा इतिहास छापून सुरक्षित आहे. ज्यांच्या विरुद्ध ती पलटण उभी राहिली त्यांच्या हातचा म्हणून एकच कागद आपल्या इतिहासांत नोंदला गेला आहे, आणि तोही खोटा म्हणून. तो खोटा होता, हें आम्ही कबूल केलें. तो ज्या आशेवर चालला ती आशा खोटी होती, असें म्हणण्याचा अधिकार मात्र गॅझेटियरास नव्हता, आणि आपणांसही नाहीं.